चौथं चाक रोज मिटवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांच्या चाकांच्या कडांना पॉलिश करण्याचा, आज सकाळी चहा आणि औषध घेऊन झाल्यावर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला छातीची अट नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही, हेही लिहावे लागते म्हणून लिहिते. माझ्यावर दबाव टाकणारा माणूस या गल्लीत अजून जन्मलेला नाही. खात्री करायची असेल तर शेजारच्या टायरवाल्याला विचारावे. तो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेच.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळदा केले आहे, पण ती सगळी रागाच्या भरात केलेली होती, ती रद्द समजावीत.

कागद थोडक्यात असावा असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. मी म्हटले, "बाई, मला एकदाच मरायचं आहे, थोडं सविस्तर लिहू द्या." त्यांनी हात टेकले. तेव्हा यात जे लांबले आहे ते माझ्यामुळे, आणि जिथे जीभ अडखळेल ते शब्द त्यांचे, असे वाचणाऱ्याने धरून चालावे.

कलम पहिले : घर

वर दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणाला बोळात उघडणारे दार, असे जे घर माझ्या नावावर आहे, ते माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. खालचा कारखाना यातून वगळला आहे, त्याचे पुढे कलम सातमध्ये येईल. माझे पती हयात आहेत तोवर ते याच घरात राहतील, आणि तोवर ते विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. अपवाद फक्त कलम आठचा, आणि ते कलम लागू होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

मुलगी म्हणाली, "आई, हे घर तू मला देतेस की माझ्या पायात अडकवतेस?" दोन्ही, बाळा. तुझी नोकरी दुसऱ्या गावात, तुझा मुलगा शाळेत, तुझा नवरा कायम फिरतीवर. तू इथे येऊन राहावेस असे मी कुठेही लिहिलेले नाही, आणि तशी अपेक्षा मनात लपवून ठेवलेलीही नाही. तू वाईट मुलगी नाहीस. तू दमलेली आहेस, ते मला दिसते.

कलम दुसरे : शिल्लक

बँकेत जे काही आहे त्यातून आधी पतीच्या औषधपाण्याचा खर्च व्हावा आणि उरेल ते मुलीला मिळावे. घरात कुठेतरी घबाड पुरलेले असेल अशा समजुतीने कोणी भिंती ठोकून बघू नयेत, भिंती आधीच खिळखिळ्या झाल्या आहेत.

कलम तिसरे : आमचा धंदा आणि हत्यारे

मुलीला आणि वकीलबाईंना या कामातले ओ की ठो कळत नाही, म्हणून आधी काम सांगते. नाहीतर पुढचे कलम वाचून दोघी म्हणतील, म्हातारी शुद्धीत नव्हती.

आमच्याकडे येत ती जुन्या, बुटक्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्यांची चाके. ही चाके एकसंध नसतात. बाहेरची रुंद कड वेगळी, आतला भाग वेगळा, मधला जाळीचा चेहरा वेगळा, आणि तिन्ही मिळून तीसेक बारक्या बोल्टांनी गोलाकार आवळलेले. वय झाले की जोडातून हवा गळते, कड काळवंडते, बोल्ट गंजून जागेवरच मुरतात. मग चाक उघडायचे, जुना रंग उतरवायचा, वाकलेले सरळ करायचे, कड घासून तोंड दिसेल अशी करायची, जोडात सिलिकॉन भरायचे आणि पुन्हा मिटवायचे. उघडणे आणि मिटवणे माझ्या पतीकडे, घासणे माझ्याकडे, रंग माझ्या धाकट्या दिरांकडे. या तीन माणसांवर कारखाना चालला.

टायरमध्ये हवा असताना हे बोल्ट कधीही सैल करू नयेत. दाबलेली हवा ती कड तोफेच्या गोळ्यासारखी उडवते. बोळाच्या टोकाला एक मेकॅनिक होता, घाईचा माणूस, त्याचा जबडा असाच गेला. पुढे तो आयुष्यभर पेल्यात नळी घालून प्यायला.

मिटवताना बोल्ट ओळीने आवळत नाहीत. एक आवळला की बरोबर समोरचा, मग त्याच्या आडवा, असे करत जायचे, नाहीतर कड तिरकी बसते. आवळून झालेल्या बोल्टाच्या डोक्यावरून चाकावर उतरेल अशी रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट हलला की रेघ तुटते, ते लांबूनही दिसते. आणि रेघेच्या रंगावरून आवळणारा कोण तेही कळते. यांची रेघ पांढरी. घाईच्या दिवसांत दीर हाताशी यायचे, त्यांची पिवळी. माझी रेघ नव्हती, कारण मी बोल्टाला हात लावत नसे. पॉलिशचे काम चांगले झाले की करणाऱ्याची खूण कुठेच उरत नाही. तेव्हा त्याचे काही वाटले नाही, आता वाटते.

हत्यारांपैकी पाने, टॉर्क पाना, हातोड्या, लाकडी ठोकळे आणि गळती बघायचा पाण्याचा टप ही सगळी कारखान्याबरोबर जातील. बफिंगचे मशीन कोणालाही देऊ नये. त्याच्या धुळीने माझी छाती खाल्ली. ते मोडीत घालावे. "मोटर अजून चांगली आहे हो," असे म्हणणारा कोणीतरी निघेलच. त्याने ते न्यायचे असेल तर नाकाला फडके बांधून न्यावे आणि जन्मभर तसेच ठेवावे.

मोठा जॅक टायरवाल्याला द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, घेतले तर देणगी बाद, असा कायदा आहे म्हणे. टायरवाल्याला सांगितले तर म्हणाला, "मावशी, सही करतो, जॅक राहू द्या, तो तसाही गळतो." जॅक गळत नाही, त्याला चालवता येत नाही.

कलम चौथे : दिरांबद्दलचा राग

हा माझ्या मालमत्तेचाच भाग आहे, म्हणून नोंदवते. मुलगी लहान होती, तापाने फणफणली होती, म्हणून मी तिला घेऊन दवाखान्यात बसले होते. मागे कारखान्यात एका दंतवैद्याच्या गाडीच्या चारी कडा मी हाताने घासून ठेवल्या होत्या. मशीनने नाही, हाताने, पाण्यातल्या कागदाने, बोटांची कातडी जाईपर्यंत. परत आले तर दिरांनी त्यांवर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारलेला. मला न विचारता.

"वहिनी, गिऱ्हाइकाला रोज पुसत बसायला वेळ नसतो," ते म्हणाले. "लॅकर मारला की बघायला नको."

पुढच्या वर्षी बघायला लागले. लॅकरखाली पाणी शिरले आणि कडेवर आतल्या आत पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा उमटल्या. तो दंतवैद्य चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, "बाई, हेच का तुमचं पॉलिश?" माझे पॉलिश त्या अळ्यांच्या खाली होते, पण ते त्याला कसे दाखवणार. संध्याकाळी मी दिरांना सांगितले की माझ्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही. ते म्हणाले, "मग तुमचं तुम्ही बघा." रंगाची बंदूक उचलली, आणि पलीकडच्या रस्त्याला स्वतःचे दुकान टाकले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. समोरून आले तर मी रस्ता ओलांडते. ते माझ्याआधी ओलांडतात.

यांची मधल्या मधे फरफट झाली. हे चोरून भावाकडे चहाला जायचे आणि मला सांगायचे, वॉशर आणायला गेलो होतो. इतके वॉशर कोणाला लागत नाहीत. मी कधी विचारले नाही.

हा राग मी मुलीला वारशाने देत नाही. तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा. मात्र चूक त्यांची होती, एवढे या कागदावर कायम राहावे.

कलम पाचवे : गाडी

कारखान्याच्या मागच्या अर्ध्या भागात ताडपत्रीखाली जी राखाडी, दोन माणसांची गाडी उभी आहे, ती आमच्या मालकीची आहे. एका गिऱ्हाइकाच्या विधवेने, डोळ्यांसमोर नको म्हणून, यांना देऊन टाकली. इंजिन चालते. कातडी सीट यांनी स्वतः शिवली. चाकांचे मात्र कायम "नंतर बघू". लोकांची चाके आधी, आपली नंतर, असे करता करता केस पिकले. म्हातारपणी, गिऱ्हाइके कमी झाल्यावर, यांनी आपली चाके उघडली. एकामागून एक तीन झाली. इतकी देखणी तीन चाके या कारखान्यातून दुसऱ्या कोणासाठी गेली नाहीत, आणि कडा माझ्या आहेत म्हणून हे मी लिहीत नाही. बरे, म्हणून पण लिहिते.

चौथे चाक यांनी उघडले. सगळे भाग धुतले, मी कड घासून दिली, बोल्ट ताटलीत मांडले. मग बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले. हे पाना हातात धरून बसले होते. मला म्हणाले, "अगं, हे कुठून सुरू करतात?"

मी हसले. मला वाटले, थट्टा करतात. या माणसाने डोळे मिटून चाके मिटवली आहेत. यांनी माझ्या हसण्याकडे बघितले, मग चाकाकडे बघितले, आणि मला कळले. तो दिवस मी अजून विसरू शकत नाही.

तेव्हापासून गाडी तीन चाकांवर आणि चौथ्याच्या जागी टेकू दिलेल्या लोखंडी घोडीवर उभी आहे.

कलम सहावे : पतीबद्दल

माझे पती आता मला ओळखत नाहीत. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, ते लिहून काही उपयोग नाही. यांना उघडता येते, मिटवता येत नाही. हातांना उघडणे आठवते. सकाळी उठून, तोंड धुऊन हे खाली येतात, चौथे चाक लाकडी ठोकळ्यांवर घेतात आणि एकेक बोल्ट सोडवायला लागतात. त्यात टायर नाही, हवा नाही, धोका काही नाही. संध्याकाळपर्यंत चाक सुटते, बोल्ट पुसून ताटलीत लागतात, आणि हे समाधानाने जेवतात. मग मला म्हणतात, "बाई, उद्या या. चाक उद्या मिळेल."

मी गिऱ्हाईक आहे. रोज संध्याकाळी माझा नवरा मला उद्या यायला सांगतो, आणि मी "बरं" म्हणते.

हे जेवून वर गेले की मी खाली बसते आणि ते चाक मिटवते. हे रोज करावेच लागते. सकाळी चाक मिटलेले नसले, सुटे भाग जमिनीवर दिसले, तर हे घाबरतात. कोणी फोडले म्हणतात. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू म्हणतात आणि अनवाणी रस्त्यावर जातात. एकदा मी आजारी पडून राहिले तेव्हा हे चौकात गाड्यांच्या मधे उभे राहून प्रत्येक गाडीच्या चाकांत वाकून बघत होते. लोक भोंगे वाजवत होते. तेव्हापासून अंगात ताप असला तरी मी चाक मिटवते.

सुरुवातीला मी रेघ ओढत नसे. हे सकाळी चाक बघून कुरकुरायचे, "खूण नाही. कोणी नवशिक्याने मिटवलंय." मग मी यांचीच पांढरी रेघ ओढायला लागले. पांढरी दिसली की यांचा चेहरा खुलतो. "हे मीच केलंय," म्हणतात, आणि दिवसभर खूश. यात फसवणूक आहे हे मला कळते. यांची सही मी रोज तीसेक वेळा खोटी करते. वकीलबाई म्हणाल्या हे मृत्युपत्रात लिहू नका. लिहिले.

माझ्याकडे फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, पण छातीचा फोटो उजेडात धरून त्यांनी आधी मुलीकडे बघितले. माझ्यामागे काय होईल, घर कोणाचे, गाडी कोणाची, याने माझा जीव अडकलेला नाही. मी गेल्यावर संध्याकाळी ते चाक कोण मिटवणार, एवढीच चिंता आहे. हा सगळा कागद त्या एका गोष्टीसाठी आहे, बाकीची कलमे त्याच्या भोवती आहेत.

कलम सातवे : कारखाना, आणि कोणाला

गेल्या हिवाळ्यात मी दवाखान्यात होते तेव्हा मुलगी येऊन राहिली होती. मी तिला मिटवायचे कसे ते शिकवले होते, पण तिचे हात त्या कामाचे नाहीत. कड तिरकी बसली. सकाळी यांनी ते बघितले आणि हे रस्त्यावर गेले. टायरवाल्याने यांना धरून आणून बसवले.

मी घरी आले ती सरळ खाली गेले. चाक मिटलेले होते. कड सरळ. प्रत्येक बोल्टावर पिवळी रेघ.

मी मुलीला हाक मारली. ती जिन्यातच थांबली. म्हणाली, "टायरवाल्याने काकांना फोन केला. रोज संध्याकाळी येत होते, मागच्या दाराने. तुला सांगू नको म्हणाले."

मला राग आला. खोटे कशाला सांगू, माझ्या कारखान्यात, माझ्या पाठीमागे, पुन्हा तेच. मी टर्पेंटाईनचे फडके घेऊन त्या रेघा पुसायला बसले. एवढ्यात हे आले. वाकून चाकाकडे बघितले, पिवळ्या रेघेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "धाकटा येऊन गेला वाटतं."

पन्नास वर्षे ज्या बाईने घासले, रांधले, यांचे मळके हात धुतले, तिला हे उद्या या म्हणतात. आणि पिवळी रेघ ओळखतात. मी फडके खाली ठेवले. त्या दिवशी मी फार रडले. कोणाला दिसले नाही, कारण यांनी चाक उघडायला घेतले होते आणि मुलगी वर गेली होती.

पण रडून झाल्यावर मला उत्तर मिळाले.

म्हणून खालचा कारखाना, हत्यारे, गाडी आणि तिची चारही चाके मी माझ्या दिरांना देत आहे. अट एकच. माझे पती जिवंत आहेत तोवर रोज संध्याकाळी चौथे चाक मिटवावे. सिलिकॉन भरू नये, नुसते बोल्ट, आणि तेही बेताने आवळावेत, कारण यांच्या मनगटात आता जोर नाही. बोल्ट झिजले तर नवे आणावेत, पण जुन्या घडणीचे. रेघ पांढरी ओढावी की पिवळी हे त्यांनी ठरवावे. पिवळी ओढली तर हे निदान एका माणसाला तरी ओळखतील. माझी हरकत नाही. आहे, पण ती विचारात घेऊ नये. मी घासलेल्या कडांवर लॅकर मारू नये.

दिवसा यांच्याजवळ बसायला बाई ठेवावी, तिचा पगार शिल्लकीतून द्यावा. ती चाक मिटवणार नाही. ते घरच्याच माणसाने करावे.

दिरांशी मी याबद्दल बोललेली नाही. माझ्याच्याने होत नाही. वकीलबाईंनी त्यांना आज सकाळी इथे बोलावले आहे, कशासाठी ते न सांगता. त्यांच्यासमोर हा कागद वाचला जाईल. ते हो म्हणतील की उठून जातील, मला माहीत नाही. त्यांचाही राग माझ्याइतकाच जुना आहे, आणि या घराण्यात राग सांभाळून ठेवतात.

कलम आठवे : दिरांनी नाकारल्यास

कारखाना, हत्यारे आणि गाडीही मुलीला द्यावी आणि पतीला तिने सांगितलेल्या संस्थेत ठेवावे. मी ती जागा बघून आले आहे. वाईट नाही. स्वच्छ खोल्या, वेळेवर जेवण, मोठ्या खिडक्या. टीव्हीसमोर माणसे ओळीने बसवलेली होती आणि सगळ्यांचे हात मांडीवर होते. रिकामे. मी तिथल्या ताईंना विचारले, "यांना पाना हातात देता येईल का?" त्या म्हणाल्या, "आजी, लोखंडी वस्तू आम्ही कोणाला देत नाही."

मुलीला दोष देऊ नये. तसे झाले तर निदान एक बोल्ट यांच्या खिशात राहू द्यावा. बारका असतो, कोणाच्या लक्षात येणार नाही.

कलम नववे : किरकोळ

माझ्या साड्या मुलीने बघाव्यात, नको असतील तर पुसायला चांगल्या आहेत, सुती आहेत. माझा कामाचा एप्रन खिळ्यावरच राहू द्यावा. हे कधी कधी जाता येता त्याला हात लावतात, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही. मी गेल्याचे यांना सांगू नये. विचारलेच तर गिऱ्हाईक गावाला गेले म्हणावे.

माझ्यामागे कोणी लांबलचक बोलू नये. मला बोलायचे ते मी इथे बोलले आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : मृत्युपत्र करणारी, गल्लीत जिला पॉलिशवाली म्हणतात ती

साक्षीदार पहिला :
बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई शुद्धीत आहेत. सही करता करता जॅकवरून मला दोन शब्द सुनावले, म्हणजे पूर्ण शुद्धीत आहेत.
सही : टायरवाला, शेजारचे दुकान

साक्षीदार दुसरा :
इथे गल्लीतल्या औषधवाल्यांची सही व्हायची होती, ते अजून आलेले नाहीत. मी बसलेलोच आहे. कागद पूर्ण ऐकला. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराला काही मिळत नाही आणि मी सही केली तर कलम सात माझ्यापुरते बाद होईल, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावले. थोडं थांबा, औषधवाले येतील, असंही म्हणाल्या. वहिनी माझ्यावर ओरडल्या, तीस-पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा. समजून उमजूनच सही करतो. दादाचं चाक मिटवायला मला कारखाना कशाला हवा. तो पोरीला द्यावा. रोज संध्याकाळी येईन, पुढच्या दाराने. दादाला संस्थेत पाठवायचं नाही. रेघ पांढरीच ओढीन, त्याला स्वतःचं काम वाटू दे. हवा भरायच्या भोकाजवळचा जो बोल्ट आहे, त्या एकावर वहिनींची रेघ ओढीन. त्यांची रेघ कधी नव्हतीच, तेव्हा रंग त्यांनी सांगून ठेवावा. लॅकर मारणार नाही.
सही : मृत्युपत्र करणारीचे धाकटे दीर, धंदा रंगकाम

ठिकाण : कारखाना, चौथ्या चाकाजवळ
दिनांक : चौदा नोव्हेंबर, सकाळ

सहीनंतरची भर :
सह्या झाल्यावर काही लिहिले तर सगळ्यांच्या सह्या पुन्हा लागतात, असे वकीलबाई म्हणतात. घ्या पुन्हा. माझ्या पतींनी मघाशी बोल्ट सोडवता सोडवता वर बघून विचारले, आज एवढी माणसे कशाला जमली आहेत. मी म्हटले, चाकासाठी. ते म्हणाले, "उद्या मिळेल." भावजी समोर बसले आहेत आणि ब्रश कुठला घ्यायचा ते विचारत आहेत. बारीक घ्यावा. रंग निळा.

सही : वरीलप्रमाणे